चिमट्याचा बोल्ट

“ती नवी साडी सोड आणि हे नेस,” म्हणत सासूबाईंनी एक विटकं, दोन ठिकाणी रफू केलेलं पातळ माझ्या हातात कोंबलं. “आणि हा चहा मागं आप्पांना नेऊन दे.”

खंडेनवमीची सकाळ होती, लग्नानंतरची माझी पहिली. सणासुदीला नव्या सुनेनं जुनेर नेसावं, असं मी कुठंच ऐकलं नव्हतं. पण लग्नाला जेमतेम पाच महिने झाले होते आणि सासूबाईंना उलट विचारायचं धाडस माझ्यात नव्हतं. माझ्या माहेरच्या साडीचा रंग यांच्या डोळ्यांत खुपलेला दिसतो, असं मनात म्हणत मी मुकाट्यानं पातळ बदललं. त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. ते पातळ अजून माझ्याकडे आहे.

खरा प्रश्न चहाचा होता. नवमीच्या सकाळी आप्पांनी घरामागच्या परड्यातल्या खोलीचं दार ओढून घेतलं, की पूजेपर्यंत तिकडं कुणी फिरकायचं नाही, हा त्या घरातला नियम मला आठवडाभर आधीच ऐकवला गेला होता. ऐकवणाऱ्याही सासूबाईच होत्या.

“आई, पण दार बंद असेल ना?”

“कडी ढिली हाय त्या दाराची. ढकललंस की उघडतं.”

आप्पा म्हणजे माझे सासरे, बाळगोंडा मगदूम. साखर कारखान्यात चौतीस वर्षं फिटर. आमच्या कुरुंदवाडातल्या निम्म्या गॅरेजवाल्यांनी पहिला पाना त्यांच्या हाताखाली धरलेला. रिटायर झाल्यावर त्यांच्याकडे दोनच गोष्टी उरल्या होत्या, एक जुनी काळी मोटारसायकल आणि दुसरा त्या मोटारसायकलीचा अभिमान. दर नवमीला ते गाडीचा चिमटा उघडायचे. मागचं चाक ज्या दोन दांड्यांमध्ये बसतं, तो चिमटा. तो एका लांब बोल्टवर वरखाली हलतो, आणि बोल्ट कोरडा पडून आतले बुश, म्हणजे बोल्टभोवतीच्या बारक्या नळ्या, झिजले की चाक डुलायला लागतं. “लोक चेन बघतात, टायर बघतात,” आप्पा जेवताना सांगायचे, “गाडीची कंबर कुणी बघत न्हाई.” नवमीला बोल्ट काढायचा, धुवायचा, ग्रीस भरून परत घालायचा, मग हत्यारांची पूजा. आणि दसऱ्याच्या दुपारी त्याच गाडीवर सासूबाईंना मागे बसवून त्यांच्या माहेरी, घोसरवाडला, सोनं द्यायला जायचं. आधी सायकलवरून, मग या गाडीवरून, पण लग्नापासून एकही दसरा चुकलेला नव्हता.

त्या वर्षी मात्र चाक डुलत होतं. सुकुमार, म्हणजे माझा नवरा, आठवड्यापूर्वी गाडी बाजारात घेऊन गेला आणि घाम पुसत परत आला.

“आप्पा, वळणावर मागचं चाक वेगळीकडंच जातंय. आईला बसवून तुम्ही घोसरवाडला जाणार ह्याच्यावरनं?”

“नवमीला उघडतो की.”

“मागच्या नवमीलापण उघडलं होतंत न्हवं?”

आप्पा भाकरी मोडत राहिले. सुकुमारचा स्वभाव तुटेपर्यंत ताणायचा नाही, पण त्या दिवशी तोही हटला नाही. “नवमीला चाक सरळ झालं तर झालं. न्हाईतर दसऱ्याला बसनं जावा, आणि गाडी देऊन टाकू. इचलकरंजीचा एकजण विचारतोय.”

आप्पा अर्ध्या भाकरीवरून उठले.

तर त्या नवमीला चहाचा कप घेऊन मी परड्यात आले. आतून हातोडीचा ठोक-ठोक आवाज येत होता. मी दार ढकललं. कडी खरंच ढिली होती.

आप्पा पाटावर बसले होते. डाव्या हातात हातोडी, पुढ्यात लाकडाचा ओंडका. ते ओंडक्यावर मारत होते. गाडी त्यांच्या मागे डबल स्टँडवर उभी होती आणि तिला कुणी बोटसुद्धा लावलेलं नव्हतं.

हातोडी थांबली. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. चोरी करताना नेमकं कोण सापडलंय, तेच मला कळेना.

“चहा,” मी म्हटलं.

“ठेव तिथं आणि जा.”

कप त्यांनी डाव्या हातानं उचलला. उजवा मांडीवर तसाच पडून होता. मी निघायला हवं होतं. पण माझ्या अंगात एक वाईट खोड आहे, बंद पडलेली वस्तू दिसली की पाय निघत नाही.

“बोल्ट निघाला का, आप्पा?”

“निघंल.”

“पूजा साडेबाराला आहे.”

ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. हत्यारं एकदा पाटावर मांडून कुंकू लागलं, की दसऱ्याची संध्याकाळ होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. म्हणजे साडेबाराच्या आत काम झालं नाही, तर घोसरवाडही गेलं आणि गाडीही गेली. आप्पांनी चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि जमिनीकडे बघत म्हणाले, “नट जाम झालाय. हलत न्हाई.”

“मी बघू?”

ते पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसले. “तू बीकॉम हाईस न्हवं?”

“शिलाई मशीन खोलते मी. अख्खं.”

हे सांगताना माझी जीभ जरा अडखळली, त्याला कारण होतं. माझ्या माहेरी, जयसिंगपूरला, ही मंडळी मला पाहायला आली, ती ठरल्यापेक्षा तासभर आधी. मी तेव्हा आईचं मशीन उलटं करून बसले होते. पळत जाऊन हात धुतले, साडी गुंडाळली, पण नखांतलं काळं तेल निघालं नाही. पोहे देताना सासूबाईंनी माझा हात धरला, उलटासुलटा करून बघितला आणि काही न बोलता सोडून दिला. ते गेल्यावर आई मला फाडून खायची बाकी होती. आठ दिवसांनी होकार आला तेव्हा बाबा म्हणाले, बीकॉम कामाला आलं. मलाही तसंच वाटलं.

आप्पांनी दाराकडे बघितलं, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे, मग गाडीकडे. “दाराला तो ओंडका लाव,” ते म्हणाले.

चाक, चेन आणि शॉकअपचे खालचे बोल्ट तासाभरात निघाले. आप्पा पाटावरून हलले नाहीत. नुसतं बोलत होते, आणि त्यांचं बोलणं ऐकलं की हाताला आपोआप कळायचं. “बळ कशाला लावतीस? पाना नटाला पुरी मिठी मारू दे, मग ओढ.” “वायसर कुठल्या बाजूला होता बघून ठेव. ज्या क्रमानं काढलंस त्या क्रमानं मांड.” एखादा वायसर, म्हणजे वॉशरची चकती, मी चुकून दुसरीकडे ठेवला, तर न बोलता पायाच्या अंगठ्यानं जागेवर सरकवायचे.

मग चिमट्याच्या नटाची पाळी आली. मी दोन्ही हातांनी पाना ओढला. पाना सटकला आणि माझ्या बोटांची सालं निघाली.

“पान्याला तो पाइप चढव,” आप्पा म्हणाले. “आणि पाय देऊन उभी राहा.”

“हत्याराला पाय? आज नवमी आहे, आप्पा.”

त्यांनी क्षणभर विचार केला. “खरं हाय. आधी पाया पड त्याच्या. समजून घेतंय ते.”

मी वाकून पान्याला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि पाइपवर चढून उभी राहिले. पातळाचा काठ पायात आला, जोडवी पायाच्या बोटांत रुतली. जुन्या ट्रंकेचं झाकण उघडावं तसा कर्रकन् आवाज झाला आणि पाइप खाली गेला. मी दणकन् आपटले. आप्पांनी मला उठवायला उजवा हात पुढे केला. मी तो धरला, तर माझं वजन पेलण्याएवढी पकड त्या हातात नव्हती. माझ्या बोटांतून तो अलगद निसटला. त्यांनी तो पटकन मागे घेतला, आणि मी न बघितल्यासारखं केलं.

नट सुटला, पण बोल्ट जागचा हलेना. मी हातोडी उगारली.

“थांब. तसं मारलंस तर तोंड पसरंल, आटे जातील. नट परत दोन आटे चढव आणि नटावर मार.”

दहा ठोके मारले, पंधरा मारले. आप्पांनी हात वर केला. “मारून न्हाई निघायचं ते. आधी फिरव. रुसलेल्या माणसाला कुणी फरफटत आणत न्हाई. जरा इकडं, जरा तिकडं, मग ऊठ म्हणायचं.”

दोन्ही बाजूंनी डिझेल सोडलं आणि ते मुरेपर्यंत आम्ही थांबलो. तेवढ्यात अंगणातून सुकुमारचा आवाज आला.

“आई, त्रिशला कुठाय?”

“झेंडू आणायला धाडलंय मळ्यात.”

“झेंडू? सकाळीच तर मी दोन टोपल्या आणल्या.”

“कमी पडल्या.”

आम्ही दोघं श्वास धरून बसलो होतो. नियम मोडून मी आत राहिले म्हणून नवरा ओरडेल, सासूबाई त्यातून मला वाचवताहेत, असं मला वाटलं. त्यांच्याबद्दल पहिल्यांदाच जरा बरं वाटलं.

डिझेल मुरलं. बोल्टच्या डोक्याला पाना लावून मी इकडं तिकडं करू लागले. पहिल्यांदा केसभर हलला, मग नखभर, मग अर्धा फेर. आप्पांनी पितळी सळई दिली. ती लावून ठोकत ठोकत बोल्ट बाहेर यायला लागला आणि शेवटी माझ्या मांडीवर पडला.

तो लालभडक होता. टोकापासून डोक्यापर्यंत गंज आणि गंजाची पूड. ग्रीसचा मागमूससुद्धा नव्हता. आमचं शिलाई मशीन दोन पावसाळे कोपऱ्यात पडून होतं, तेव्हाही त्याला एवढा गंज चढला नव्हता. हा बोल्ट मागच्या नवमीला कुणी काढला नव्हता, त्याच्या आधीच्याही नाही.

“किती वर्षं, आप्पा?”

त्यांनी बोल्ट डाव्या हातात घेतला आणि अंगठ्यानं गंज खरवडला. मग म्हणाले, “पाच. माळ्यावरनं पडलो तवापासनं. प्लास्टर काढलं, सगळे म्हणाले हात बरा झाला. मीपण म्हणालो. गाडी चालवाय येते, जेवाय येतं, सही येते. पाना तेवढा फिरत न्हाई.”

“मग एखाद्या गॅरेजवाल्याकडून...”

“कुणाकडनं? ज्यांना मी शिकवलं, त्यांच्याकडनं?”

त्यांनी कोनाड्यातला पत्र्याचा डबा दाखवला. मी उघडला. आत यंदाची धरून बुशच्या सहा पुड्या होत्या, एकीलाही हात न लागलेल्या. प्रत्येक पुडीवर पेन्सिलीनं साल घातलेलं.

“दर वर्षी आणायचो,” आप्पा म्हणाले. “दर वर्षी वाटायचं, यंदा जमंल. मग आत येऊन बसायचं आणि ओंडक्यावर ठोकायचं.” ते थांबले. “आणि दुसऱ्या दिवशी तिला मागं बसवून न्यायचं. तिला काय म्हाईत? डोईवरचा पदर सांभाळत निवांत बसायची. पूल आला की माझ्या छातीत धडधडायचं. देवा, तिला काय होऊ देऊ नगं, एवढंच म्हणायचो. पण गाडी थांबवली न्हाई मी. एवढा गुर्मीचा माणूस हाय बघ.”

त्यांचे डोळे भरले होते. मला त्या क्षणी त्यांचा रागही आला आणि त्यांच्याजवळ बसून रडावंसंही वाटलं. दोन्हींना वेळ नव्हता. साडेअकरा वाजत आले होते.

“यंदाची पुडी फोडते,” मी म्हटलं.

जुने झिजलेले बुश आतून ठोकून काढले. बोल्टवर पॉलिश पेपर चालवला, तो चकाकेपर्यंत. रॉकेलमध्ये चिंधी बुडवून सगळं पुसलं. नवे बुश लांब बोल्ट आणि दोन वायसर लावून, नट आवळत आवळत सरळ आत ओढून घ्यायचे, ही युक्ती आप्पांनी सांगितली आणि बुश आज्ञाधारकासारखे आत गेले. मग ग्रीस. “भर, भर,” आप्पा म्हणत होते. “बोटानं पार आतवर. सुनंनं सासऱ्याला तूप वाढल्यागत वाढू नगं.” आम्ही दोघंही हसलो, आणि बाहेर ऐकू जाईल म्हणून लगेच गप्प झालो.

बोल्ट घातला. तो हातानंच सरकत आत गेला. आप्पा पाटावरून उठले, चिमट्याखाली डाव्या हाताचं एक बोट लावलं आणि वर उचललं. चिमटा वर गेला, बोट काढलं तसा सावकाश खाली आला. त्यांनी तसं पाच-सहा वेळा केलं. पाळण्यातल्या मुलाला जोजवणाऱ्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

चाक चढवून शेवटचा नट आवळला तेव्हा सव्वाबारा झाले होते. मी हातांना रॉकेल लावत होते. आप्पांनी डब्यातलं ग्रीस चार बोटांवर घेतलं आणि स्वतःच्या पांढऱ्या सदऱ्यावर, पोटापाशी, खसकन् ओढलं.

“हे काय, आप्पा?”

“आता कसं काम केल्यागत दिसतोय,” ते म्हणाले.

पूजेच्या आधी सुकुमारनं गाडीचं मागचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं. पुन्हा हलवलं. चाक तसूभर डुललं नाही. त्यानं आप्पांचा सदरा बघितला आणि ओशाळून म्हणाला, “मानलं, आप्पा. हात अजून तसाच हाय तुमचा. इचलकरंजीवाल्याला न्हाई म्हणून सांगतो.”

पाटावर हातोडी, पाने, पितळी सळई, सगळं ओळीनं मांडलं होतं. आप्पांनी कुंकवाची वाटी उचलली आणि माझ्यापुढे धरली. “हत्यारांना कुंकू तू लाव.”

“ती?” सुकुमार म्हणाला. त्या घरात ते काम आजवर आप्पांशिवाय कुणी केलं नव्हतं.

“पहिलं वर्ष हाय तिचं,” आप्पा म्हणाले.

मी हात पुढे केला तशी सोललेली बोटं सगळ्यांसमोर आली. “हाताला काय झालं?” सुकुमारनं विचारलं.

“झेंडू तोडताना...”

“झेंडूला काटे कधीपासनं आले?”

“खोबरं किसताना झालंय तिला,” सासूबाई आतून म्हणाल्या. “तू नारळ फोड बघू.”

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं घोसरवाडला गेली. मी दारात उभी राहून गाडी वळणापर्यंत बघितली. वळणावर चाक सरळ गेलं. अंधार पडायच्या आत ती परत आली. सासूबाई उतरल्या, पदर झटकला आणि एवढंच म्हणाल्या, “बरी चालली गाडी.”

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी परड्यातल्या दगडावर धुणं धूत होतो. सासूबाईंनी नवमीचा सदरा काढला, दगडावर पसरला आणि डागावर बोट ठेवलं.

“हा लागलेला डाग न्हाई,” त्या म्हणाल्या. “पुसलेला हाय. बघ, चार बोटं सरळ ओढल्यात.”

माझ्या हातातला साबण थांबला.

“आयुष्यभर ह्या माणसाचे कपडे धुतले मी. काम केलं की डाग बाहीला असतो, कोपराला असतो, पाठीला असतो. जिथं त्याला दिसत न्हाई तिथं असतो. पोटावर कधी नसतो. आणि मागच्या पाच नवम्या तर सदरा कोराच आला.”

“म्हणजे तुम्हांला माहीत होतं?”

“धुणं मीच धुते न्हवं?”

“आणि तरी तुम्ही मागं बसून जात होता? भीती नाही वाटली?”

“लई वाटायची. पूल आला की डोळे मिटून घ्यायची.” त्यांनी सदरा पाण्यात बुडवून वर काढला. “बोलले असते तर गाडी गेली असती. आणि गाडी गेली असती, तर हा माणूस खाटंवरनं उठला नसता. मग म्हटलं, बसू या मागं. पडलो तर दोघंबी पडू.”

आप्पा पुलावर हिच्यासाठी देवाला हाका मारत होते आणि त्याच पुलावर ही त्यांच्यामागे डोळे मिटून बसली होती. पाच वर्षं.

“यांना तरी सांगायचं,” मी म्हटलं.

“सुकुमारला? त्याला खिळा ठोकाय सांगितला तर अंगठ्यावर मारून घेतो.” मग त्या माझ्याकडे वळल्या, माझा हात ओढून मांडीवर घेतला आणि बोटांवरच्या खपल्या बघायला लागल्या. अगदी तसाच, उलटासुलटा करून. “तुला बघाय आलो तवा आधीच्या चार पोरी बघून झाल्या होत्या. सगळ्यांचे हात मऊ. तुझ्या घरी तू मशीन उलटं करून बसलेली. तुझी आई लाजली, तू लाजलीस. मी आपली नखं बघितली.”

“मला वाटलं, नापसंत केलंत.”

“घरी येऊन सांगितलं, हीच. सुकुमारनं फोटोसुद्धा नीट बघितला नव्हता.” त्या हसल्या. “पुढं चहा देऊन तुला आत धाडायचं, एवढंच राहिलं होतं. आणि तुझी चांगली साडी खराब हुईल म्हणून माझं पातळ दिलं.”

मी मान खाली घातली. मला रडू येत होतं आणि ते दगडावर, धुण्यासमोर, सुनेनं सासूपुढे रडावं इतकं साधं नव्हतं. इतके दिवस मी त्या घरात पाहुणी असल्यासारखी वावरत होते. आणि ह्या बाईनं मला नखांतल्या तेलासकट निवडून आणलं होतं.

सासूबाईंनी पिळलेला सदरा माझ्या मांडीवर टाकला.

“घे, तू धू,” त्या म्हणाल्या. “डाग तुझा हाय.”

मी साबण घेतला. कॉलरला लावला, बाह्यांना लावला, पाठीला लावला. डागाला लावला नाही.